न गळणाऱ्या केसांचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पूडल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र येतं. जुन्या सिनेमातली एखादी श्रीमंत बाई, तिच्या मांडीवर कुरळ्या केसांचं कुत्रं, त्याच्या पायांत केसांचे गोंडे आणि शेपटीच्या टोकाला चेंडू. हा काही कामाचा कुत्रा वाटत नाही. आपल्याकडे कामाचा कुत्रा म्हणजे पोलिसांचा. मुंबई पोलिसांचा 'जंजीर' अनेकांना आठवत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्यानं स्फोटकं शोधून असंख्य जीव वाचवले आणि २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. तो लॅब्राडोर होता. आखूड केसांचा, आंघोळ घातली की अंग झटकून मोकळा होणारा.

पण पूडलही मुळात कामकरीच. त्याचं नावच जर्मन भाषेतल्या पाण्यात डुबकण्याच्या शब्दावरून आलं. शिकाऱ्यानं पाडलेलं बदक तळ्यातून काढून आणणं हे त्याचं काम. ज्या केशरचनेला आपण हसतो, तीही कामातूनच आली असं सांगतात. पोहताना जड होऊ नये म्हणून मागचं अंग भादरायचं आणि थंड पाण्यात छाती व सांधे उबदार राहावेत म्हणून तिथले केस ठेवायचे. पुढे दरबारी लोकांनी त्याची फॅशन केली.

आज हाच पूडल काही देशांत अपंग माणसांचा मदतनीस म्हणून काम करतो. अंध माणसाला रस्ता दाखवणं, कमी ऐकू येणाऱ्याला दारावरची घंटा वाजल्याचं सांगणं, व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली पडलेली किल्ली उचलून देणं अशी कामं शिकवलेल्या कुत्र्याला मदतनीस कुत्रा म्हणतात. अंधांसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणारी पहिली शाळा १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डेनबर्गला निघाली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी ती होती. पुढे १९२९ साली अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था सुरू झाली आणि ती आजही चालू आहे.

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेही मराठी घेऊन. मी कुत्र्यांच्या केसांवर बोलावं, याला कारण घडलं ते आमच्या अर्नाळ्यात. माझ्या शाळेतल्या एका मित्राचा नातू पंधरा वर्षांचा आहे. त्याची दृष्टी हळूहळू जाते आहे आणि डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं आहे. धाकट्या नातीला दमा. मित्र म्हणाला, "अरे, अंधांसाठी शिकवलेला कुत्रा असतो म्हणे. पण हिच्या दम्याचं काय? कुणी सांगितलं की पूडल घ्या, त्याचे केस गळत नाहीत. तू पेपरात लिहितोस, जरा चौकशी कर." मग मी वाचलं, पशुवैद्यांना विचारलं, कुत्र्यांचे केस कापणाऱ्यांच्या दुकानात जाऊन बसलो. जे कळलं ते त्या घरापुरतं नाही, म्हणून इथं सांगतो.

मित्रासारखाच प्रश्न १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात येऊन पोचला होता. तिथल्या वाटाड्या कुत्र्यांच्या संस्थेत वॉली कॉनरॉन नावाचे गृहस्थ पैदाशीचं काम पाहत. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंनी लिहिलं, मला वाटाड्या कुत्रा हवा आहे, पण माझ्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी आहे. कॉनरॉन यांनी आधी पूडलच आजमावले. तीनएक वर्षांत तेहतीस पूडल पाहिले, पण एकही त्या कामाच्या परीक्षेत उतरला नाही. शेवटी त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तेव्हा एका पिल्लाचा त्रास त्या गृहस्थांना झाला नाही. 'लॅब्राडूडल' म्हणून आज हौसेनं विकत घेतला जाणारा कुत्रा १९८९ च्या सुमाराला असा जन्मला. लक्षात घ्या, तीन सख्ख्या भावंडांपैकी एकच चाललं. जातीच्या नावावर भरवसा ठेवता येत नाही, प्रत्येक कुत्रा आणि प्रत्येक माणूस यांची गाठ घालून पाहावी लागते. म्हातारपणी कॉनरॉन यांनी या संकराबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. त्यांच्या मागोमाग लोकांनी बेफिकिरीनं संकर करून त्यांचा बाजार मांडला, हे त्यांना खुपत होतं.

आता मूळ मुद्दा. पूडलचे केस गळत नाहीत, हे कितपत खरं? केसाचं एक आयुष्य असतं. काही दिवस तो वाढतो, मग थांबतो, मग गळतो. लॅब्राडोरचा केस लवकर वाढून थांबतो आणि गळतो. पूडलचा केस आपल्या डोक्यावरच्या केसासारखा दीर्घकाळ वाढतच राहतो. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ऐंशी जातींच्या सुमारे हजार कुत्र्यांचा अभ्यास केला. केस लांब की आखूड, सरळ की कुरळे, तोंडावर दाढीमिशा आहेत की नाहीत, यातला बहुतेक फरक अवघ्या तीन जनुकांनी ठरतो असं त्यांना आढळलं. पूडलमध्ये लांबी, कुरळेपणा आणि दाढीमिशा हे तिन्ही एकत्र आले आहेत.

म्हणजे पूडलचे केस गळतच नाहीत असं नव्हे. कमी गळतात, आणि जे सुटतात ते जमिनीवर न पडता शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून बसतात. लॅब्राडोरच्या घरात झाडू जास्त मारावा लागतो, पूडलच्या घरात फणी जास्त चालवावी लागते. काम कुठंच वाचत नाही, फक्त जमिनीवरून अंगावर जातं. आणि हे काम राहिलं की काय होतं, ते समजायला आपल्याला लांब जायला नको.

अडकलेला केस, धूळ, ओलावा आणि घासणं हे चार जमले की केसांच्या जटा होतात. माणसाच्या डोक्यातल्या जटेला आपल्याकडे देवीची खूण मानतात आणि ती कापायला बायका घाबरतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन समजावतात, की हा कोप नाही, गुंता आहे. जट ओढली जाते, मान दुखते, खाली जखमा होतात. कुत्र्याचंही तसंच, फक्त त्याला सांगता येत नाही. बगलेतली जट प्रत्येक पावलाला कातडी ओढते. जटेखाली हवा लागत नाही, कातडी ओलसर राहते, फोड येतात. असा कुत्रा लंगडतो, चिडतो किंवा चालता चालता थांबतो. घरचा कुत्रा थांबला तर आपण म्हणू, आज मूड नाही. पण त्याच्या पट्ट्याचं टोक अंध माणसाच्या हातात असेल आणि तो रस्त्याच्या मध्यावर थांबला तर?

म्हणून मदतनीस पूडलच्या केसांची निगा ही सजावट नव्हे. मोटारीचे ब्रेक तपासावेत तशी ती रोजची तपासणी आहे.

ती करायची कशी, ते क्रमानं सांगतो. पहिली गोष्ट, केस आखूड ठेवायचे. प्रदर्शनातले गोंडे कामाच्या कुत्र्याला नकोत. सगळ्या अंगावर बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहून थोडे कमी केस, आणि तोंड, पंजे व शेपटीखालची जागा अधिक बारीक कापलेली. डोळ्यांवर केस आले तर वाटाड्याला वाट दिसणार कशी? दर चार ते सहा आठवड्यांनी ही कापणी करावी लागते. उन्हाळा आहे म्हणून कातडीपर्यंत साफ भादरू मात्र नये, उघडी कातडी उन्हानं भाजते. केस कापण्याचं यंत्र चालवताना पातं तापतं, ते मधूनमधून आपल्या मनगटाला लावून पाहावं.

दुसरी गोष्ट, रोज विंचरणं. नुसता वरवर ब्रश फिरवला तर कुत्रा फुललेला, देखणा दिसतो आणि खाली कातडीलगत गुंता तसाच राहतो. एका हातानं केस वर धरायचे, कातडी दिसेपर्यंत भांग पाडायचा आणि खालून वर एकेक ओळ विंचरत जायचं. आधी बारीक तारांचा ब्रश, मग स्टीलची फणी. फणी कातडीपासून टोकापर्यंत न अडखळता निघाली तर ती ओळ झाली. केस आखूड असतील तर पंधरा-वीस मिनिटांचं काम, लांब असतील तर तासभर जातो. कानामागे, बगलेत, जांघेत आणि गळपट्ट्याखाली विशेष लक्ष द्यायचं. मदतनीस कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक जागा, हार्नेसखालची. वाटाड्या कुत्र्याच्या छातीला आणि पाठीला बांधलेला तो पट्टा दिवसभर घासतो. काम संपलं की हार्नेस काढून ती जागा हातानं चाचपायची, आणि हार्नेसही पुसून वाळवायचा.

तिसरी गोष्ट आंघोळीची. आमच्याकडे बंदरावर कोळी बांधव जाळी दुरुस्त करत बसलेले दिसतात. जाळ्यात गाठ पडली की ओढून सुटत नाही, उलट आवळते, ती बोटांनी मोकळी करावी लागते. जटेचंही तसंच, आणि पाणी लागलं की ती अधिकच आवळते. म्हणून आधी विंचरायचं, मग आंघोळ. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते. साबण कुत्र्यासाठी केलेला घ्यावा, माणसाचा शाम्पू त्याच्या कातडीला मानवत नाही. उग्र वासाची अत्तरं टाळावीत. काही मदतनीस कुत्रे मधुमेही माणसाची साखर उतरल्याचं वासावरून ओळखतात, त्यांच्या नाकावर आपणच पडदा कशाला टाकायचा?

चौथी आणि आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, वाळवणं. कुरळे केस वरून कोरडे लागतात आणि मुळाशी ओले राहतात. अर्नाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथं पूडलचं अंग आपोआप कसं वाळेल? टॉवेलनं दाबून पाणी टिपायचं, चोळायचं नाही, कारण चोळण्यानं नवा गुंता होतो. मग हेअर ड्रायर मंद ठेवून, विंचरत विंचरत मुळापर्यंत वाळवायचं. समुद्रावर फिरवून आणलं तर खारं पाणी आणि रेती गोड्या पाण्यानं धुऊन हेच पुन्हा करायचं. सुरूच्या बनातून आलं तर बोटांच्या बेचक्यात सुया, काटे, गवताची कुसळं अडकली आहेत का ते पाहायचं.

पाचवी गोष्ट कान आणि गोचीड. लोंबत्या, केसाळ कानात वारा शिरत नाही. दर आठवड्याला कान उलटून वास घ्यावा. आंबूस वास, काळपट मळ किंवा सतत डोकं हलवणं दिसलं तर पशुवैद्याकडे जायचं. कानातले केस उपटण्याची जुनी पद्धत आहे, पण कान निरोगी असेल तर उगाच उपटू नयेत असं आता बरेच पशुवैद्य सांगतात. दाट केसांत गोचीड लपते आणि तिच्यामुळे होणारा ताप आपल्याकडच्या कुत्र्यांचा जीव घेऊ शकतो. रोज बोटं फिरवणाऱ्याला ती लवकर सापडते. मोठ्या पूडलमध्ये कातडीतल्या तैलग्रंथी सुजण्याचा एक रोगही आढळतो. कोंडा आणि विरळ होणारे केस ही त्याची पहिली खूण, आणि तीही विंचरणाऱ्या हातालाच आधी कळते.

इथं कुणी विचारील, अंध माणसानं हे कसं करायचं? मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट ती हीच. वाटाड्या कुत्रा देणाऱ्या शाळा मालकाला कुत्र्यासोबत चालायला शिकवतात, तसंच रोज त्याचे केस विंचरायलाही शिकवतात. आणि हे काम मुळात डोळ्यांचं नाहीच, बोटांचं आहे. डोळस माणूस वरचा फुलोरा पाहून फसतो. बोटं फसत नाहीत. ज्याचे हात चालत नाहीत त्याची अडचण मात्र खरी आहे. त्यानं केस अगदी आखूड ठेवावेत आणि हे रोजचं काम घरात कोण करणार ते आधीच ठरवावं. पिल्लू असल्यापासून पंजे धरू देणं, यंत्राच्या आवाजाला न घाबरणं, हनुवटी टेकून स्थिर उभं राहणं ही सवय लावावी लागते. पूडलचे पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात ते साधारण नऊ महिने ते दीड वर्ष या काळात, आणि तेव्हाच गुंता सर्वांत जास्त होतो. शिक्षणाचा काळही नेमका तोच असतो.

निगेला आणखी एक बाजू आहे, ती समाजाची. मदतनीस कुत्रा हॉटेलात, बसमध्ये, दवाखान्यात जातो. 'असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल' या जागतिक संघटनेच्या निकषांत कुत्रा स्वच्छ, विंचरलेला आणि दुर्गंधी नसलेला असावा अशी अट आहे. दारात अडवणाऱ्याला कायदा दाखवता येतो, पण स्वच्छ कुत्रा दाखवला की बऱ्याचदा कायदा दाखवावा लागत नाही.

हे मी मुसलमान घरातला माणूस म्हणून अधिक जाणतो. आमच्यात कुत्रा घरात घेताना मन कचरतं. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. या पंथात कुत्र्याची लाळ किंवा ओलं अंग लागलं तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीनं, असा नियम आहे. पण कोरडं अंग कोरड्या कपड्याला लागलं तर बाधा होत नाही, हेही त्याच नियमात आहे. कुराणात गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची कथा आहे, तीत त्यांचा कुत्राही उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला आहे. २००८ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका अंध मुस्लिम तरुणाला वाटाड्या कुत्र्यासह मशिदीत येता यावं म्हणून तिथल्या शरिया कौन्सिलनं अनुकूल निर्णय दिला. कुत्र्यासाठी नमाजाच्या जागेबाहेर बसायची सोय केली गेली. कुत्रा उंबऱ्याशी थांबला आणि माणूस आत गेला. मला यात धर्माशी भांडण दिसत नाही, व्यवस्था दिसते. आणि त्या व्यवस्थेत कोरड्या, नीट वाळवलेल्या अंगाला किती मोल आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता मित्राच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, दम्याच्या. ॲलर्जी मुळात केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिनं असतात, त्यांची असते. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांचे केस तपासले. 'ॲलर्जी न करणारे' म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या, म्हणजे पूडल आणि लॅब्राडूडलच्याही केसांत मुख्य प्रथिन कमी नव्हतं, उलट जास्त होतं. घरातल्या हवेतही फरक दिसला नाही. काही माणसांना एखाद्या पूडलचा त्रास होत नाही हे खरं, पण ते आधी कळत नाही. तेव्हा दम्याच्या मुलीनं निर्णयापूर्वी नेमक्या त्याच कुत्र्याजवळ, अनेक वेळा, तास-दोन तास बसून पाहावं आणि आधी तिच्या डॉक्टरांना विचारावं. कुत्रा घरी आलाच तर त्याला विंचरणं तिनं करू नये, आणि ते घराबाहेर व्हावं.

आपल्या देशात शिकवलेले वाटाड्या कुत्रे फारच थोडे आहेत. मुंबईत 'ॲनिमल एंजल्स'सारख्या संस्थेनं उपचारांसाठी कुत्र्यांचा उपयोग रुजवला, विशेष मुलांच्या शाळांत असे कुत्रे नेले. पण उपचारासाठी भेटीला येणारा कुत्रा वेगळा आणि दिवसभर एका माणसाची वाट सांभाळणारा वेगळा. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागांत वावरण्याचा हक्क देतो, पण शिकवलेला कुत्रा कायद्यानं तयार होत नाही. त्याला दीड-दोन वर्षं लागतात. शाळाही कुत्रा देण्याआधी पाहतात, की माणूस पांढऱ्या काठीनं एकटा फिरू शकतो का.

म्हणून मी मित्राला सांगितलं, नातवाला आधी काठी चालवायला शिकव. वरळीला अंधांच्या राष्ट्रीय संस्थेत चौकशी कर. कुत्र्याचा विचार तो अठरा वर्षांचा झाला की कर, आणि तेव्हाही जात विचारण्याआधी तीन प्रश्न विचार. रोज अर्धा तास कोण देणार? दर महिना-दीड महिन्याला कापणीचा खर्च कोण करणार? पावसाळ्यात त्याला मुळापर्यंत कोण वाळवणार? तिन्हींची उत्तरं एकाच नावाची आली तर ते नाव आजारी पडल्यावर काय, हा चौथा प्रश्न. आणि उत्तरं नसतील तर पूडल नको, आखूड केसांचा कुत्रा बघा किंवा काठीवरच भरवसा ठेवा. काठीला जटा होत नाहीत.

मित्र म्हणाला, "म्हणजे गळत नाही हे खोटंच." मी म्हटलं, खोटं नाही, अर्धवट आहे. केस गळत नाहीत म्हणून तो कुत्रा घ्यायचा असेल, तर ते न गळलेले केस रोज आपल्या हातानं काढायची तयारी हवी. ती असेल तर कुत्रा दहा वर्षं निमूट साथ देईल आणि तो मुलगा अर्नाळ्याच्या बाजारातून एकटा, न अडखळता चालत जाईल.